व्हिसा दहा वर्षांचा, मुक्काम आय-९४चा

आई-बाबांच्या पासपोर्टात अमेरिकेचा दहा वर्षांचा बी-१/बी-२ (व्यवसाय-पर्यटनभेटीचा) व्हिसा चिकटला की घरातले सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पुढचा घोळ नेमका इथून सुरू होतो. त्या कागदावरची शेवटची तारीख म्हणजे अमेरिकेच्या विमानतळावर उतरून 'आत येऊ का' असं विचारण्याची शेवटची तारीख. आत किती दिवस राहायचं ते तिथला अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. पर्यटक म्हणून गेलेल्यांना बहुतेक वेळा सहा महिने मिळतात, पण कमीही मिळू शकतात. २०१३ पासून विमानतळावर ही नोंद संगणकावरच होते, हातात कागद येत नाही. त्यामुळे ती पाहायचीच राहून जाते.

उतरल्यावर दोन-तीन दिवसांत सीबीपीच्या, म्हणजे प्रवेश तपासणाऱ्या अमेरिकी सीमाविभागाच्या, संकेतस्थळावर आय-९४ उघडा, डाउनलोड करा आणि छापून ठेवा. नाव, पासपोर्ट क्रमांक, व्हिसाचा वर्ग आणि 'या तारखेपर्यंत प्रवेश' ही ओळ, चारही गोष्टी ताडून पाहा. नोंद सापडत नसेल तर घाबरू नका, आधी नावाची उलटापालट करून बघा. पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा असलेल्या आजी-आजोबांच्या बाबतीत हे हमखास होतं. व्हिसावर त्यांचं नाव आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी 'एफएनयू' (म्हणजे 'पहिलं नाव अज्ञात') येतं, मग शोधतानाही तसंच टाकावं लागतं. तारीखच चुकलेली असेल तर जवळच्या सीबीपीच्या 'डिफर्ड इन्स्पेक्शन' कार्यालयातून दुरुस्ती होते. पहिल्या आठवड्यात हे काम सोपं असतं, पाचव्या महिन्यात अवघड.

नोकरदार मुलामुलींची चूक वेगळ्या ठिकाणी होते. एच-१बीची, म्हणजे कंपनीमार्फत मिळणाऱ्या नोकरीच्या व्हिसाची, मंजुरी २०२८ पर्यंतची, पण पासपोर्ट २०२६ मध्ये संपतोय, अशा वेळी विमानतळावरचा अधिकारी आय-९४ पासपोर्टाच्या तारखेपर्यंतच देऊ शकतो. मंजुरीच्या कागदावर २०२८ दिसतं, कंपनीच्या नोंदीतही २०२८, आणि खरी मुदत त्याआधीच संपून गेलेली असते. भारतीय वाणिज्य दूतावासातून नवा पासपोर्ट काढला म्हणून आय-९४ आपोआप वाढत नाही. मुदत संपायच्या आत एकदा बाहेर जाऊन नव्या पासपोर्टावर पुन्हा प्रवेश घ्यायचा, नाहीतर कंपनीकडून मुदतवाढीचा अर्ज करायचा. मंजुरीच्या कागदापेक्षा नंतर मिळालेली आय-९४ सहसा वरचढ ठरते, एवढं डोक्यात पक्कं असू द्या. विद्यार्थ्यांच्या आय-९४वर तारखेऐवजी 'डी/एस', म्हणजे विद्यार्थी म्हणून दर्जा टिकेल तोवर, असं लिहिलेलं असतं. त्यांची मोजणी वेगळी चालते, म्हणून ती इथे घेत नाही.

आता मोजणी. समजा आई १० जानेवारी २०२६ला पोचली आणि आय-९४ ९ जुलै २०२६ पर्यंत आहे. १० जुलैपासूनचा प्रत्येक दिवस म्हणजे ओव्हरस्टे, मुदतीबाहेरचा मुक्काम. पहिल्याच दिवशी अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम २२२-जी लागू होतं आणि पासपोर्टातला दहा वर्षांचा व्हिसा त्याच क्षणी रद्द होतो. त्यावर कुणी रद्दचा शिक्का मारायला येत नाही, कागद पासपोर्टात तसाच चमकत राहतो. म्हणूनच हे धोक्याचं आहे. दोन वर्षांनी त्याच व्हिसावर तिकीट काढलं जातं आणि संगणकावर जुनी नोंद दिसली की विमानतळावरूनच परत पाठवलं जातं. अधिकाऱ्याने तिथल्या तिथे हद्दपारीचा आदेश काढला, तर त्यानंतर पाच वर्षांची बंदी. असा व्हिसा रद्द झाल्यावर नवा अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या देशातच करावा लागतो, मधल्या कुठल्या देशातून नाही.

मोठा फटका त्याच्या पुढे आहे. बेकायदा वास्तव्य सलग १८० दिवसांपेक्षा जास्त झालं आणि मग देश सोडला, तर तीन वर्षं प्रवेशबंदी. एक वर्ष किंवा त्याहून अधिक झालं, तर दहा वर्षं. वरच्या उदाहरणात १८० दिवस ५ जानेवारी २०२७ला भरतात. म्हणजे नाताळात परतणारी आई फक्त व्हिसा गमावते, आणि संक्रांतीला परतणारी व्हिसा गमावून वर तीन वर्षं नातवंडांना भेटायला जाऊ शकत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांचे दिवस या मोजणीत धरले जात नाहीत.

आणि ही बंदी लागू होते ती देश सोडल्यावर. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण चांगल्या हेतूने वागणारी माणसंच इथे अडकतात. 'झालं ते झालं, आता मुंबईला जाऊन रीतसर नवा अर्ज करू' असं म्हणून सात महिने जास्त राहिलेले आई-बाबा परततात. विमानात बसताच तीन वर्षांचं घड्याळ सुरू होतं, आणि ते कळतं वांद्रे-कुर्ला संकुलातल्या (बीकेसी) अमेरिकी वाणिज्य दूतावासाच्या खिडकीवर. मुलगा किंवा मुलगी अमेरिकी नागरिक असेल, वय २१ किंवा त्याहून जास्त असेल, आणि आई-बाबा व्हिसावर तपासणी होऊन आत आलेले असतील, तर मुदत उलटली असली तरी तिथे राहूनच ग्रीन कार्डचा अर्ज सहसा करता येतो. तेच आई-बाबा १८० दिवस ओलांडून भारतात आले आणि इथून ग्रीन कार्डच्या मुलाखतीला बसले, की बंदी आडवी येते. ती माफ करून घ्यायला आय-६०१ हा अर्ज आहे. पण त्यात कमालीची हालअपेष्टा दाखवावी लागते ती नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदाराची अथवा आई-वडिलांची, मुलांची हालअपेष्टा त्यात धरत नाहीत. आजी-आजोबांचे स्वतःचे आई-वडील अमेरिकेत नागरिक असण्याची शक्यता किती? म्हणून १८० दिवस उलटले असतील तर तिकीट काढण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा. वकिलाची फी वाचवण्याची ही जागा नव्हे.

मुदतवाढ मागता येते. त्यासाठी आय-५३९ हा अर्ज. तो आय-९४ची तारीख संपायच्या आत यूएससीआयएसकडे, म्हणजे असे अर्ज तपासणाऱ्या अमेरिकी इमिग्रेशन खात्याकडे, पोचलेला असला पाहिजे, निदान ४५ दिवस आधी करा असं खुद्द यूएससीआयएस सुचवते. एप्रिल २०२४ पासून फी ऑनलाइन ४२० डॉलर, कागदावर ४७० डॉलर. आई-बाबा दोघं असतील तर एकाच अर्जात जोडीदार आय-५३९-ए जोडून येतो, दुसरी फी लागत नाही. सोबत मुदत का हवी याचं पत्र, खर्चाची सोय दाखवणारे बँकेचे कागद, आय-९४, पासपोर्टाच्या प्रती, आणि परत जाण्याची खूण म्हणून तिकीट, इथल्या घराचे किंवा पेन्शनचे कागद. कारण आजारपणाचं असेल तर डॉक्टरच्या पत्रात नेमका आजार, चालू उपचार आणि प्रवास कधीपर्यंत करता येणार नाही, हे तिन्ही स्पष्ट हवं. 'विश्रांतीची गरज आहे' एवढ्या एका ओळीने भागत नाही. पत्रात खरं तेच लिहा, पण मोघम लिहू नका. नातवंडं सांभाळायला थांबतोय असं लिहिलं तर पाळणाघराचा खर्च वाचवायला बोलावलंय का, असा प्रश्न उभा राहतो.

अर्ज वेळेत आणि योग्य कारणाने केलेला असेल तर निकाल लागेपर्यंतचे दिवस बेकायदा वास्तव्यात धरत नाहीत. पण निकालाला बरेचदा कित्येक महिने जातात, आणि मागितलेली मुदतच त्याआधी संपते. नऊ सप्टेंबरपर्यंत मागितलं असेल तर नऊ सप्टेंबरपूर्वी निघा, निकाल आलेला असो वा नसो. आणखी थांबायचंच असेल तर ती तारीख उलटायच्या आत दुसरा आय-५३९ टाकावा लागतो. 'अर्ज पेंडिंग आहे, म्हणजे कितीही राहता येतं' हा गैरसमज फार पसरलेला आहे. नकार आला की दुसऱ्या दिवसापासून बेकायदा दिवस मोजले जातात आणि २२२-जीही लागू होतं. अर्जाची पोचपावती, म्हणजे आय-७९७-सी, जपून ठेवा. पुढच्या खेपेला 'गेल्या वेळी आठ महिने कसे राहिलात' असं विचारलं तर उत्तर म्हणून तोच कागद पुढे करायचा.

परतीचं तिकीट शेवटच्या दिवसाचं काढू नका. रात्रीचं विमान मध्यरात्रीनंतर सुटलं तर तारीख बदलली. निदान आठ-दहा दिवस हाताशी ठेवा. विमान रद्द झालंच तर विमान कंपनीकडून लेखी घ्या. बोर्डिंग पास आणि भारतात उतरल्याचा पासपोर्टातला शिक्का सांभाळून ठेवा, विशेषतः गाडीने कॅनडात जाऊन तिथून परतलात तर, कारण रस्त्याने बाहेर पडल्याची नोंद कधीकधी होत नाही.

आता या बाजूच्या उशिराबद्दल. मुंबईत मुलाखतीची तारीख मिळायला किती काळ लागेल हे सतत बदलतं. पण एक गोष्ट ठाम आहे. लेकीचं बाळंतपण, लग्न, पदवीदान समारंभ ही तातडीच्या अपॉइंटमेंटची कारणं मानत नाहीत. आपल्याकडे तिकडे जाण्याचं पहिलं कारणच बाळंतपण असतं, आणि बातमी कळल्यावर अर्ज केला तर नऊ महिने अपुरे पडू शकतात. लेक तिकडे स्थायिक झाली की आई-बाबांचा व्हिसा काढून ठेवावा. जवळच्या माणसाचा मृत्यू, गंभीर आजार यांसाठी तातडीची विनंती करता येते, पण त्यासाठीही आधी १८५ डॉलर फी भरून साधी तारीख घ्यावी लागते, मगच विनंतीचा पर्याय उघडतो. भारतात जानेवारी २०२५ पासून तारीख फक्त एकदाच फुकट बदलता येते, दुसऱ्यांदा बदलायची तर फी पुन्हा. जुना व्हिसा नुकताच संपला असेल तर उशीर करू नका. बी व्हिसाच्या नूतनीकरणाला मुलाखतीतून सूट मिळू शकते, पण २ सप्टेंबर २०२५ पासून ती फक्त संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत. त्याच दिवसापासून १४ वर्षांखालच्या आणि ७९ वर्षांवरच्या अर्जदारांनाही साधारणपणे मुलाखतीला जावं लागतं. ऐंशी पार केलेल्या आजोबांना बीकेसीच्या रांगेत उभं करावं लागू नये असं वाटत असेल, तर ही १२ महिन्यांची खिडकी चुकवू नका.

एच-१बीवाल्यांचा ड्रॉपबॉक्स, म्हणजे मुलाखतीशिवाय नुसते कागद देऊन व्हिसा नवा करण्याची सोय, २ सप्टेंबर २०२५लाच बंद झाली. ६ सप्टेंबर २०२५ला आणखी एक सूचना आली, की अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच करावा. म्हणजे दुसऱ्या देशात जाऊन आठवड्यात स्टॅम्पिंग (पासपोर्टात नवा व्हिसा चिकटवून घेणं) करून येण्याचा रस्ताही आटला. मग १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ (त्यांच्या जोडीदार-मुलांचा व्हिसा) अर्जदारांच्या समाजमाध्यमांची तपासणी सुरू झाली आणि भारतातल्या डिसेंबरच्या अनेक मुलाखती थेट मार्च २०२६ किंवा त्यापुढे गेल्या. रजा टाकून आलेली माणसं इथेच अडकली. त्यामुळे 'लग्नाला जातोच आहे तर स्टॅम्पिंगही उरकू' हा बेत आता जोखमीचा आहे. अमेरिकेत राहायला वैध स्टॅम्प लागत नाही, वैध आय-९४ लागते. बाहेर जायची निकड नसेल तर नुसत्या स्टॅम्पसाठी निघू नका. निघायचंच असेल तर परतीला उशीर झाल्यास काय, भारतातून काम करता येईल का, हे कंपनीकडून आधी लेखी घ्या. घराचं भाडं, मुलांची शाळा, यांचाही विचार आधीच करा.

मुलाखतीनंतर २२१-जीची, म्हणजे निर्णय तूर्त अडल्याची, चिठ्ठी मिळाली तर ती ओळीने वाचा. कागद मागितले असतील तर ते एका वर्षाच्या आत द्यायचे असतात, त्यानंतर अर्ज आणि फी नव्याने. कागद न मागता नुसती 'प्रशासकीय प्रक्रिया' असेल तर वाट पाहण्यावाचून इलाज नाही, रोज ईमेल पाठवून ती पुढे सरकत नाही. संकेतस्थळावर या काळात 'रिफ्यूज्ड' असं दिसतं. तो शब्द वाचून अनेकांच्या पायाखालची जमीन सरकते, पण २२१-जीत तो अंतिम नकार नसतो. पुढच्या डीएस-१६०मध्ये, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात, मात्र 'व्हिसा नाकारला गेला होता का' याचं उत्तर 'हो' द्यावं आणि खाली एका ओळीत खुलासा लिहावा. भारतात थांबून काढलेले हे महिने ओव्हरस्टेमध्ये मोजले जात नाहीत, ही भीती मनातून काढून टाका.

डीएस-१६०मध्ये ओव्हरस्टेचाही थेट प्रश्न असतो. एजंट 'नाही वर टिक करा, त्यांना कळत नाही' असं सांगतो. त्यांना कळतं, येण्याजाण्याच्या नोंदी त्यांच्याकडे असतात. समजा आई आजारपणामुळे चाळीस दिवस जास्त राहिली. त्याने गेला असता तो फक्त व्हिसा. तो नव्याने मागता आला असता, आणि आजारपणाचे कागद दाखवल्यावर कदाचित मिळालाही असता. खोटं उत्तर पकडलं गेलं तर फसवणुकीच्या कलमाखाली आयुष्यभराची बंदी येते आणि दर वेळी खास माफी मागावी लागते. अर्ज एजंटने भरला तरी सही तुमचीच असते. 'सबमिट' दाबण्याआधी प्रत्येक पान स्वतः वाचा, आणि आई-बाबांना मराठीतून वाचून दाखवा.