आडव्या छेदात पायी चालणारा कुठे आहे?

रस्त्याचं काम निघालं की कागदावर त्याचा आडवा छेद काढावा लागतो. मधे डांबर, दोन्ही अंगांना साईडपट्टी, कडेला गटार. जळगावात एका खासगी सल्लागाराच्या कार्यालयात मी हेच काढते. माहेर पारोळ्याकडचं, त्यामुळे या रेघांवरून उद्या कोण जाणार हे मला पुरतं ठाऊक असतं. कपाशीने भरलेली बैलगाडी, सायकलवर हायस्कूलला निघालेल्या पोरी, डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला जाणाऱ्या बाया. छेदात त्यांची जागा कुठेच नसते.

"हाऊ रस्ता गाड्यास्ना शे, आपला नई," असं आई म्हणते. ती साईडपट्टीवरून चालते. तिथला मुरूम पावसाळ्यात वाहून जातो, डांबराची कड वीतभर उंच उरते, आणि मागून ट्रकचा हॉर्न वाजला की पाय कुठे ठेवायचा तेच कळत नाही.

नियम नाहीत असं नाही. आयआरसी १०३ हे इंडियन रोड्स काँग्रेसचं पादचाऱ्यांसाठीचं मार्गदर्शक प्रमाणक आहे. पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको, असं त्यात लिहिलेलं आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६चा. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर चांगल्या पदपथांचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. तरी अंदाजपत्रक मंजूर होताना 'पायी चालणारा कुठे आहे?' हा प्रश्न विचारला जाईल अशी जागाच ठरलेली नाही.

ती जागा एका शहरापुरती ठरवून भागणार नाही. पुण्याने २०१६ साली पादचारी धोरण केलं, चांगलंच केलं. पण आपल्याकडे गावातून निघालेला माणूस आधी जिल्हा परिषदेच्या रस्त्यावर असतो, मग सार्वजनिक बांधकाम विभागाच्या, मग राष्ट्रीय महामार्गावर आणि शेवटी नगरपालिकेच्या हद्दीत. सायकलवरच्या पोरीला ही हद्द दिसत नाही. म्हणून रस्ता वापरणाऱ्या सगळ्यांचा विचार करणारं धोरण जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांचं एकच हवं.

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहराच्या परिसराचं एक प्रादेशिक नियोजन मंडळ आहे. त्याने २०१०मध्ये असं धोरण केलं. त्यातली मला पटलेली गोष्ट म्हणजे ते पैशाला जोडलेलं आहे. मंडळामार्फत केंद्राचा निधी हवा असेल तर पायी, सायकलने, बसने जाणाऱ्यांचा आणि अपंगांचा विचार आराखड्यात दाखवावा लागतो. आपल्याकडे ७४व्या घटनादुरुस्तीने दिलेली जिल्हा नियोजन समिती आहेच. आडव्या छेदात सगळे वापरणारे दिसले नाहीत तर रस्त्याला निधी नाही, एवढी अट तिन्ही समित्यांनी घातली तरी पुष्कळ होईल. महामार्गाचा पैसा या समितीतून जात नाही, हे खरं. पण जिल्ह्याचा रस्ता महामार्गाला मिळतो ते चौक या अटीत आणता येतात, आणि जीव तिथेही जातात.

आणि हे धोरण खानदेशाचंच दिसलं पाहिजे. सावलीचं कलम त्यात सर्वांत वर हवं. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५च्या पुढे जातो, आणि रुंदीकरणात आधी तोडली जातात ती कडेची निंबाची, चिंचेची झाडं. दक्षिणोत्तर रस्त्यावर झाडं पदपथाच्या पश्चिमेला लावली तर दुपारनंतरची सावली चालणाऱ्यावर पडते. नकाशावर ही एक रेघ इकडची तिकडे करण्याचं काम आहे, खर्च काही वाढत नाही. सावदा-रावेरकडे केळीच्या ट्रकांना थांबायला वेगळी जागा द्यावी लागेल, नाहीतर ते पदपथावरच चढतील. आठवडे बाजार पदपथावरून हुसकून चालणार नाही, त्याची जागा आधीच आखायची. धडगावच्या घाटात आदिवासी कुटुंबं लेकराबाळांसह कडेने चालत बाजार गाठतात. तिथे पदपथ होणार नसेल तर निदान रुंद, पक्की साईडपट्टी हवीच.

गावातल्या १२ मीटरच्या रस्त्याचा मी एक नमुना छेद काढला आहे. दोन्हीकडे १.८ मीटरचा पदपथ आणि त्याच्याखाली झाकलेलं गटार. मग १.२ मीटरची झाडांची पट्टी, मधे ६ मीटर डांबर. समोरासमोर आलेल्या दोन एसटी बस हळू चालवल्या तर तेवढ्यात निघतात. हा छेद घेऊन मी नियोजन समितीच्या पुढच्या सभेआधी आमच्या भागातल्या सदस्यांना भेटणार आहे. आईलाही सोबत येते का विचारलं आहे.