जुना चेनसॉ, मेलेलं रबर आणि माझा उजवा खांदा

शेवटी घेतलाच एकदाचा चेनसॉ, म्हणजे फिरत्या साखळीने लाकूड कापणारं पेट्रोलचं मशीन. माझ्या आधी किती जणांच्या हातून गेलाय देव जाणे, रंग उडालेला, मागच्या हँडलला टेप गुंडाळलेली, आणि वरचं कव्हर काढलं तर आत भुसा आणि ऑइलचा असा लगदा की एअर फिल्टर नेमका कुठाय ते बोटाने चाचपून शोधावं लागलं. विकणाऱ्याने ते ठरलेलं वाक्य टाकलंच, "काही नाही हो, कार्ब्युरेटर साफ केला की एका दोरीत चालू होईल." म्हणजे चालू करायची दोरी एकदाच ओढली की झालं. मग तुम्हीच का नाही केला, असं अगदी ओठावर आलं होतं पण गप्प बसलो.

तरी घेतला कारण मी पिस्टन बघून घेतला. जुनं मशीन बघायला जाताना खिशात अॅलन की आणि टॉर्च पाहिजेच. सायलेन्सरचे दोन बोल्ट काढायचे, दोरी हळूहळू ओढत टॉर्च मारायचा, धूर जायच्या भोकातून पिस्टन सरळ दिसतो. त्यावर कारखान्यातल्या आडव्या बारीक रेघा शाबूत असतील तर निम्मी लढाई जिंकली, आणि उभे ओरखडे दिसले तर ते मशीन कधीतरी ऑइलशिवाय तापून चिकटलंय, तिथून हात जोडून निघायचं. दुसरी परीक्षा त्याहून सोपी, दोरीची मूठ धरून आख्खं मशीन उचलायचं, ते गचके खात सावकाश खाली यायला हवं. धपकन आलं तर कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, गेलेलं. माझं सावकाश आलं, मी खूश.

घरी आणलं, नवा प्लग घातला, फटीत ०.५ मिमीचा गेज घालून बघितला, दोरी ओढली. चालू! चार सेकंद. मग बंद. परत चोक, परत ओढ, परत चार सेकंद. असं किती वेळा केलं ते सांगत नाही पण दुसऱ्या दिवशी शर्ट घालताना उजवा हात वर जाईना.

विकणाऱ्याचं वाक्य डोक्यात बसलेलं, त्यामुळे कार्ब्युरेटरच उघडला. आतला पातळ पडदा, डायफ्राम म्हणतात तो, खरं तर मऊ लुसलुशीत हवा, इथे सुकलेल्या पानासारखा कडकड वाजत होता. किट आणून नवा बसवला, सुईची दांडी साफ केली, जाळी फुंकली, दोन्ही स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत आणि तिथून एक एक फेरा बाहेर. दोरी ओढली. या वेळी सहा सेकंद! म्हणजे प्रगती म्हणायची का? परत उघडला. एकूण तीनदा उघडला आणि तिसऱ्यांदा तर काही करायला शिल्लकच नव्हतं, नुसता बघून परत लावला.

मग एकदा वैतागून मशीन आडवं केलं आणि ते चक्क चालत राहिलं. सरळ केलं की बंद. तेव्हा डोक्यात उजेड पडला. टाकीतून येणारी पेट्रोलची नळी बाहेरून ठणठणीत दिसत होती, पण वाकवली की टाकीच्या भोकापाशी केसाएवढी चीर उघडायची आणि पेट्रोलऐवजी हवा ओढली जायची. माझ्या मशीनचं लोखंड, अॅल्युमिनियम, सगळं तसंच्या तसं होतं, मेलं होतं ते फक्त रबर. नळी, पडदा, टाकीच्या झाकणाची रिंग, धक्के शोषणारे रबरी बुश. वर इथेनॉलवालं शिळं पेट्रोल आत ठेवून कुणी मशीन वर्षभर कोपऱ्यात टाकलं की झालंच.

नवी नळी त्या भोकातून घालणं हा वेगळा छळ. बोटं पुरत नाहीत, ढकललं तर दुमडते. शेवटी टोक लांब तिरकं कापलं, थोडं ऑइल लावलं, आणि आतून चिमट्याने धरून खेचलं, दहा मिनिटांत काम (त्याआधीचा एक तास मी धरत नाहीये). टाकीतला फिल्टरही बदलला, जुना काळा ठिक्कर होता.

आणि मग एका दोरीत, खरंच एका दोरीत चालू झालं.

ऑइलचं प्रमाण हा एक मुद्दा आहेच. नवीन मशीनना बहुतेक ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली टूस्ट्रोक ऑइल. माझ्या टाकीवर मात्र २५:१ कोरलंय, तर मी मुकाट लिटरला ४० मिली घालतो, धूर जरा जास्त येतो, येऊ दे. टूस्ट्रोकला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं, त्यामुळे पेट्रोल कमी मिळालं की ऑइलही कमी आणि गरमी जास्त, ते उभे ओरखडे येतात ते असेच. म्हणून एचचा स्क्रू, म्हणजे कार्ब्युरेटरच्या त्या दोन स्क्रूंपैकी फुल रेसचं पेट्रोल ठरवणारा, पिळताना कान उघडे ठेवायचे. लाकडाबाहेर फुल रेसला आवाज जरा फडफडता हवा आणि लाकडात घातल्यावर तो साफ व्हायला हवा. लाकडाबाहेरच आवाज कर्कश, सुरीसारखा येत असेल तर स्क्रू लगेच थोडा बाहेर.

इतकं सगळं करून ओंडक्याला लावलं तर कापेचना. धूर, जळका वास, आणि पिठासारखा भुसा. खरं तर ढलप्या उडायला हव्यात. चेन हाताला धारदार लागत होती, मग घोडं कुठे अडलं? आधीच्या मालकाने दात इमानदारीने घासले होते पण प्रत्येक दातापुढचा उंचवटा कधी घासलाच नव्हता. दात घासून घासून खाली गेले, उंचवटा तेवढाच राहिला, त्यामुळे दात लाकडाला टेकतच नव्हता. सपाट कानशीने तो उंचवटा दातापेक्षा ०.६५ मिमी खाली आणला आणि दातांना ४.८ मिमीची गोल कानस, ३० अंशात, कायम आतून बाहेरच्या दिशेने. माझी चेन .३२५ इंच पिचची आहे म्हणून ही कानस. पिच माहीत नसेल तर लागोपाठच्या तीन रिव्हेटमधलं अंतर मोजायचं आणि दोनाने भागायचं.

हे दात घासताना एक आठवतं. आज आपण वापरतो तो दाताचा आकार एका अळीचा आहे! जो कॉक्स नावाच्या ओरेगनमधल्या लाकूडतोड्याने १९४६ मध्ये एका भुंगेऱ्याची अळी ओंडका पोखरताना बघितली, तिचे वाकडे जबडे आलटून पालटून डावीकडे उजवीकडे लाकूड खात होते, आणि त्याने तशीच चेन बनवली. चेनवर एक दात डावा एक उजवा असतो तो यामुळे.

चेनला ऑइल येतंय का तेही बघितलं, बारचं, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते त्या लांब पट्टीचं, टोक पुठ्ठ्यासमोर धरून रेस दिली, काहीच नाही. बारचं बारीक भोक भुशाने बुजलेलं, तारेने मोकळं केल्यावर पुठ्ठ्यावर ऑइलची छान रेघ उठली. फिरती चेन झटकन थांबवणारा चेन ब्रेकही लागतोय, तो लागला नसता तर मी चालूच केलं नसतं. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला तर मशीन सरळ तोंडाकडे उसळतं, तिथे हिरोगिरी नको. हेल्मेट, कानाला मफ, पायाला चॅप्स म्हणजे चेनपासून वाचवणारं जाड आवरण, सगळं घालून मी अंतराळवीर दिसतो, दिसू दे.

काल पहिला मोठा ओंडका आडवा कापला. ढलप्या भसाभस, आवाज एक नंबर. फक्त काप सरळ जायच्या ऐवजी उजवीकडे वळत गेला, म्हणजे माझे उजव्या बाजूचे दात जास्त धारदार झालेत, डावीकडचे घासताना हात अवघडतो ना. आता कानस घेऊन परत बसलोय, डावीकडच्या प्रत्येक दाताला दोन हात जास्त, आणि कुठून सुरुवात केली ते विसरू नये म्हणून पहिल्या दातावर मार्करने ठिपका दिलाय.