शब्दवही : ‘मर्की’तला ‘क’ सापडला

गेल्या महिन्यात वहीत ठामपणे लिहिलं होतं, की इंग्रजी ‘मर्की’ (murky, म्हणजे काळोखा, गढूळ) आणि आपलं ‘मळकट’ एकाच कुळातले. काल ती ओळ लाल पेनाने खोडली. कानाला गोड लागलं आणि फसलो. ‘मळकट’च्या मुळाशी मळ, ‘मर्की’च्या मुळाशी अंधार.

सुगावा लागला तो चॉकलेटच्या वेष्टनावर. भाचा कोपनहेगनहून वडी घेऊन आला. वेष्टनावर डॅनिशमध्ये ठळक ‘मर्क’ (mørk), त्यातल्या रोमन ‘ओ’वर तिरकी रेघ. “मामा, मर्क म्हणजे डार्क.” झालं! चॉकलेट तसंच राहिलं, मी कोश काढून बसलो.

स्वीडिशमध्येही जवळपास हाच शब्द, आइसलँडिकमध्ये ‘मिर्कुर’ म्हणजे काळोख, आणि या सगळ्यांच्या मागे जुन्या नॉर्सचा, म्हणजे वायकिंगांच्या भाषेचा, ‘मिर्कर’. गंमत अशी, की जुन्या इंग्रजीकडे स्वतःचा शब्द होताच: ‘मिर्चे’. (हो, मिरचीच आठवते.) ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यात काळ्याकुट्ट माळरानाला हेच विशेषण आहे. तोच शब्द सरळ चालत आला असता तर आज शेवटी ‘च’ असता. पण 865 साली डेन लोकांचं मोठं सैन्य इंग्लंडात उतरलं, पुढे ते उत्तरेत आणि पूर्वेत शेती करून राहिले, आणि त्यांच्या बोलीतले ‘क’ शेजाऱ्यांच्या तोंडी बसले. इंग्रजीत ‘चर्च’, स्कॉटलंडात ‘कर्क’, ही जोडीही त्याच घरातली. म्हणजे ‘मर्की’तला ‘क’ डेन पाहुण्यांचा. माझ्या मते आजवरच्या नोंदींतला हा सगळ्यात देखणा पुरावा.

अर्थाचा रकाना मात्र अजून पेन्सिलीतच आहे. ‘मॅकबेथ’मध्ये झोपेत चालणारी लेडी मॅकबेथ नरकाला ‘मर्की’ म्हणते. तिथे ‘काळोखा’ चालेल. पाण्याला लावला की ‘गढूळ’. व्यवहाराला लावला की काळोखही नाही, गढूळही नाही. आत काहीतरी लपवलंय असा वास येतो. ‘संशयास्पद’ लिहून पाहिलं, फारच पोलीसचौकीतलं वाटलं. ‘धूसर’ सुचवणाऱ्यांनो, धूसर निष्पाप असतं हो! धुक्यातली टेकडी धूसर, बेनामी जमिनीचे कागद नव्हेत.

पुढचं पान इंग्रजी ‘टेनेब्रस’चं, म्हणजे अंधारलेल्याचं. लॅटिन ‘तेनेब्रे’ (अंधार) आणि आपली ‘तमिस्रा’ (काळोखी रात्र) खरोखरच एका कुळातल्या. या वेळी कोश आधी उघडला, पेन नंतर.