आजोबांच्या रायफलीचा दस्ता

गेल्या पावसाळ्यानंतर कपाटातून रायफल काढून पुसत असताना पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाला, ट्रिगरच्या जरा वर, केसासारखी एक रेघ दिसली. नखाने चाचपली तर नख अडकले, आणि किंचित जोर देताच ते काळवंडलेल्या लाकडात चक्क रुतले. ही .३१५ रायफल आजोबांची. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आल्यावर शिकारीचे दिवस संपले, तरी गावाकडे पिकाच्या राखणीसाठी ती राहिली, आणि वारसाहक्काने परवाना माझ्या नावावर झाल्यापासून ती पुण्यातल्या घरी लोखंडी कपाटात असते. तिला नवा दस्ता कशाचा करावा, लाकडाचाच करावा की नाही, हे ठरवण्यात माझे तीन महिने गेले.

या रायफलीचा वंश ली-एनफिल्डचा, म्हणजे ब्रिटिश फौजेच्या जुन्या रायफलीचा. इंग्रजांच्या काळात लष्करी .३०३ काडतूस सामान्य नागरिकाला ठेवता येत नसे, म्हणून त्याच यंत्रणेवर ८ मिलिमीटरच्या, म्हणजे .३१५ इंचाच्या, गोळीच्या वेगळ्या काडतुसाची रायफल बनवली गेली. (ही काडतुसे आपल्या खडकीच्या कारखान्यातही बनतात, याचे मला उगीचच अप्रूप वाटते.) या वंशाचा दस्ता दोन तुकड्यांचा असतो: खांद्याला लागणारा मागचा भाग पोलादी खोबणीत बसवून आतून लांब बोल्टने आवळलेला, आणि नळीखालचा पुढचा भाग निराळा. परदेशी मासिकांत मोहात पाडणारे अखंड तयार दस्ते दिसतात, पण ते दुसऱ्या ठेवणीच्या रायफलींसाठी असल्याने आपल्या उपयोगाचे नसतात, हे कळायलाच मला पहिला महिना लागला.

दस्ता टिकतो की फुटतो, हे लाकडाच्या जातीइतकेच लाकूड पोलादाला कुठे टेकते यावर ठरते. बार उडाला की सारी यंत्रणा मागे सरकू पाहते, आणि तो धक्का पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाला, दोन्ही बाजूंच्या जेमतेम नखाएवढ्या दोन पृष्ठभागांवर येतो. हे पृष्ठभाग पोलादाला सारखे भिडलेले असतील तोवर लाकूड वर्षानुवर्षे दाद देत नाही. पण त्यातला एक जरी दबला, तरी लाकूड प्रत्येक बाराला मागे सरकून पोलादी खोबणीवर आपटते आणि तंतूंच्या दिशेने उभे चिरत जाते. माझ्या रायफलीचे नेमके हेच झाले होते.

लाकूड दबले कशाने, याचे उत्तर मिस्त्रीकाकांनी दिले. दस्ता बदलणे ही कायद्याने दुरुस्तीच, त्यामुळे परवाना दाखवून, दुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानातच जावे लागते. एरवी सुरेख काम करणारा ओळखीचा सुतार इथे कामाचा नाही. काकांनी रायफल खोलली, काळा भाग अंगठ्याने दाबला आणि म्हणाले, "साहेब, हे लाकूड राहिलेलं नाही, तेलातला वडा झालाय." घरात दर महिन्याला सढळ हाताने तेल देऊन रायफल नळी वर करून उभी ठेवायची रीत होती. ते तेल वर्षानुवर्षे खाली झिरपून नेमके त्या दोन पृष्ठभागांत मुरत गेले आणि लाकूड मऊ पडले. आम्ही याला निगा समजत होतो.

मग निवड. प्लास्टिक आणि फायबरग्लासवर पावसाळ्याचा परिणाम जवळजवळ होत नाही, हे खरे; पण या जुन्या रायफलींची मापे एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत, आणि साच्यातून आलेला स्वस्त तुकडा त्या दोन पृष्ठभागांवर सैल बसला तर तोही व्यर्थच. पातळ पापुद्रे चिकटवून केलेले लॅमिनेटेड लाकूड मला मनापासून पटले होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी मॉझर रायफलींना तसले दस्ते वापरले आणि ते उत्तम टिकले. मात्र त्याचे वजन जास्त, आणि इथे चांगला ठोकळा मला मिळाला नाही. घरच्यांचा आग्रह सागवानाचा, कारण मराठी माणसाला टिकाऊ म्हटले की साग आठवतो. साग पाण्याला आणि वाळवीला पक्का, पण धक्का सोसण्यात तो अक्रोडाची बरोबरी करत नाही. शिसव कणखर, पण जड. शेवटी जुन्या दस्त्याचेच लाकूड, अक्रोड, ठरले: वजनाच्या मानाने चिवट, धक्का सोसणारे, आणि एकदा नीट वाळले की हवेतल्या ओलाव्याने फारसे न हलणारे.

ठोकळा निवडताना मी फुलांची नक्षी असलेला उचलला होता, तो काकांनी परत ठेवला. बोल्टभोवती लाकूड सर्वांत पातळ असते, तिथे तंतू सरळ लांबीने धावले पाहिजेत. सुंदर नक्षी म्हणजे वळलेले तंतू, आणि ते त्या जागी असले तर फूट तिथूनच सुरू होते. बसवण्याचे काम पाहण्यासारखे होते. पोलादाला दिव्याची काजळी लावायची, लाकडात दाबून काढायची, जिथे काळा ठसा उमटेल तिथे पटाशीने कागदाइतका पापुद्रा काढायचा, पुन्हा काजळी. दोन्ही पृष्ठभागांवर सारखा ठसा येईपर्यंत हे किती वेळा झाले, ते मोजणे मी सोडून दिले. त्यानंतर त्या दोन जागी इपॉक्सीचा पातळ थर दिला, म्हणजे तेल मुरणार नाही आणि दाब सगळीकडे सारखा पडेल.

बाहेरून जवसाचे तेल, हाताने चोळून, आठवडाभर रोज एक पातळ हात. दस्त्याच्या टोकावरच्या पत्र्याखालची बाजू आणि आतले कोरीव भाग विशेष काळजीने भरले, कारण ओलावा सर्वांत जास्त शिरतो तो तंतूंच्या उघड्या टोकांतून. तेलाचे बोळे मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना तापते आणि तसा बोळा आपोआप पेटू शकतो. माझे बोळे गॅलरीतल्या दोरीवर पसरलेले पाहून शेजारच्या काकूंनी कसले वाळवण घातले आहे म्हणून विचारले.

मे महिन्यात हवा कोरडी पडली तेव्हा दस्ता किंचित हलू लागला होता, म्हणून दुकानात नेऊन बोल्ट आवळून घेतला. जुन्या ली-एनफिल्डमध्ये त्या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेले असते, त्यामुळे आधी पुढचे लाकूड न काढता बोल्ट फिरवला तर नवा दस्ताही चिरतो. काकांनी ते लाकूड काढले, एक पीळ दिला आणि पुन्हा बसवले. आता तेलाचे दोनच थेंब पडतात, आणि रायफल कपाटात नळी खाली करून उभी असते.