जळगावात करमतं का?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते आहे. एरवी हा प्रश्न मी सहा वर्षे हसून टाळत आले. पुण्यातल्या जुन्या सहकारी मैत्रिणी विचारतात, नाशिकची मामेबहीण दर लग्नात विचारते आणि जळगावचीच माणसेही विचारतात. मला बोचते ते त्यांचेच विचारणे, कारण त्यांच्या स्वरात ‘तिकडे काही बिनसले असणार’ असा संशय असतो. वडिलांच्या आजारपणासाठी मी आले हे सर्वांना ठाऊक आहे. ते गेल्यानंतरही का राहिले, हा खरा प्रश्न. आणि तो थेट विचारणे अवघड वाटते म्हणून लोक करमण्याबद्दल विचारतात.

माझे ठरलेले उत्तर खाण्याचे असते. शेवभाजी मागवली की शेव वेगळ्या ताटलीत आणायला सांगावी, म्हणजे ती रश्श्यात मऊ पडत नाही, हे मी पाहुण्यांना शिकवते. वरणबट्टीत तूप किती असावे यावर वाद घालते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते तेव्हा आमच्या गल्लीत तिच्या नैवेद्याच्या रोटाचा वास रात्री उशिरापर्यंत रेंगाळतो, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कोणत्याही जुन्या घरात खापरावरची पुरणपोळी उलटणारे हात बघत तासभर बसता येते. एवढे ऐकले की विचारणाऱ्याचे समाधान होते आणि माझीही सुटका होते. मात्र केवळ जिभेसाठी कोणी शहर बदलत नाही, हे त्याला कळत असते आणि मलाही.

मग मी रथाचे सांगते. कार्तिकी एकादशीला जुन्या जळगावातून श्रीरामाचा रथ निघतो. ही परंपरा अप्पा महाराजांनी १८७२ मध्ये सुरू केली. एवढा अवजड रथ अरुंद गल्ल्यांतून जातो, त्याच्या चाकांना मोगरी, म्हणजे लाकडी ठोकळा, लावून तो वळवणारी आणि थांबवणारी माणसे जिवावर उदार होऊन चाकाशेजारून पळत असतात, आणि वाटेत लालशाह बाबांच्या दर्ग्यापाशी रथ थांबतो. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून मी हे पाहिले होते. पुण्यात असताना एकोणीस वर्षांत एकदाही रजा काढून आले नाही, कारण रथासाठी रजा मागायची मला लाज वाटत असे.

ही लाज नवी नव्हती. महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षी भित्तिपत्रकात मी एक लेख लिहिला होता. या शहराला सोन्याचा भाव, केळीचा भाव आणि डाळीचा भाव एवढ्या तीनच गोष्टी कळतात, असे त्यात म्हटले होते. लेख गाजला, आणि पुढच्याच उन्हाळ्यात मी गेले. त्या मुलीशी मी अजून भांडते. बहिणाबाईंचे सासर असलेला चौधरी वाडा तुझ्या महाविद्यालयापासून किती लांब होता, तू किती वेळा गेलीस, असे तिला विचारते. ती मला उलट विचारते, की तू परत आलीस तेव्हा पाण्याच्या आणि गटारांच्या वाहिन्यांसाठी खणलेल्या रस्त्यांची धूळ खात दोन वर्षे शहराला शिव्याच देत होतीस ना? मी देत होते. पावसाळ्यात अजूनही देते.

शहर कात टाकते आहे, असे अलीकडे बरेच जण म्हणतात. हे बोलणे मला अर्धेच मान्य आहे. मेहरूणच्या तलावाकाठी रविवारी सकाळी पाच-सहा मुले चित्रवही घेऊन बसतात, कोणाच्या तरी गच्चीवर नाटकाचे वाचन होते, चहाच्या टपरीवर कवितेवरून कडाक्याचे भांडण होते, हे सर्व खरे आहे आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. परंतु यातले किती पूर्वीही होते आणि मला दिसत नव्हते, याचा हिशेब मी करू शकत नाही. मेलेल्याला जिवंत केल्याचे श्रेय आम्ही परत आलेली माणसे फार लवकर घेतो.

मीही ते घेतले होते. करमते का, याचे खरे उत्तर तिथेच कुठेतरी आहे, म्हणून ते जरा विस्ताराने सांगते.

जानेवारी २०२३ मध्ये आम्ही सात-आठ जणांनी एका बंद पडलेल्या डाळमिलच्या गोदामात भरीत आणि गाण्यांचा कार्यक्रम ठरवला. साडेतीनशे रुपये प्रवेशमूल्य, सत्तरएक माणसे, त्यांतली पंधरा-वीस पुण्या-मुंबईहून आलेली. जाहिरात मी तयार केली होती. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे त्यात ठळक अक्षरांत होते; वांगी ज्यांच्या शेतातून येणार होती, त्यांचा उल्लेख मात्र नव्हता. मंचामागच्या कापडी फलकावर बहिणाबाईंचे चित्र होते. भरीत करण्यासाठी आसोद्याकडच्या एका गावातून आईच्या मैत्रिणीला बोलावले होते. त्यांना मी लहानपणापासून मावशी म्हणते.

मावशी दुपारीच आल्या. वांगी ठेचण्याची स्वतःची लाकडी बडगी पोत्यात गुंडाळून आणली होती, कारण दुसऱ्याच्या बडगीला आदल्या मसाल्याचा वास असतो असे त्यांचे म्हणणे. कपाशीच्या काड्यांचा जाळ त्यांनी स्वतः लावला. ती फिकट हिरवी, हातभर वांगी काळी पडून घामेजली, साली निघाल्या, आणि बडगीत ठेचणे सुरू झाले. मिरच्या निम्म्या घाला, पाहुण्यांना झेपणार नाही, असे मी सांगितले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मिरच्या कमी केल्या. पहिली चूक ती.

दुसरी चूक मोठी होती. लोकांना कृती समजावी म्हणून मी त्यांच्यासमोर ध्वनिक्षेपक धरला. मावशी म्हणाल्या, “जाय मोठा नको. वांगं वरून जयतं अन् आत कच्चं राह्यतं.” आमच्या लेवा बोलीत जाळाचा जाय होतो, केळीची केयी होते, जळगावचे जयगाव होते. समोरून कोणीतरी “कोण जाय? कुठे जाय?” असे विचारले आणि हशा पिकला. तो हशा दुष्ट नव्हता, हे मी आजही म्हणेन. माणसे मजेत होती. परंतु त्या क्षणी मी ध्वनिक्षेपक स्वतःकडे वळवला आणि म्हणाले, “मावशी, जरा शुद्धमध्ये सांगा ना.”

पाठीमागे बहिणाबाईंचे चित्र होते. त्यांच्या कविता ज्या बोलीत आहेत, तीच बोली मावशी बोलत होत्या. आणि आमच्या विद्यापीठाला २०१८ पासून त्यांचेच नाव आहे. हे मला तेव्हा सुचले नाही, घरी गेल्यावर सुचले. त्याहून वाईट म्हणजे दुसरे जे आठवले ते. पुण्यात वसतिगृहातल्या पहिल्या आठवड्यात मी फळवाल्याकडे ‘केयी’ मागितली होती, आणि त्यानंतर वर्षभर मला त्याच नावाने हाक मारत. त्या वर्षात मी माझा ळ घासून-पुसून घेतला. तोच ळ मी मावशींच्या समोर धरला होता.

मावशी चिडल्या नाहीत. त्या माझ्याशी, हळू आवाजात म्हणाल्या, “मी भरीत कराले आली बाई, परीक्षा द्याले नही.” त्यानंतर त्या मुकाट्याने ठेचत राहिल्या. मुलगा मोटारसायकल घेऊन आला तेव्हा बडगी धुऊन घेऊन गेल्या. कळण्याची पुरी आणि भरीत समोर असताना एक घासही खाल्ला नाही. जाताना आम्ही त्यांना साडी आणि नारळ दिला. गायकाला पाकीट दिले होते. हा फरक आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आला नाही, असे लिहिणार होते. ते खोटे आहे. माझ्या लक्षात आला होता, आणि मावशी घरच्याच आहेत, अशी मी समजूत घातली होती.

आठ दिवसांनी मी पैसे घेऊन त्यांच्या घरी गेले. त्या नको म्हणतील, मग मी आग्रह करीन, दोघींचे डोळे भरून येतील, असे काहीसे मनात होते. मावशींनी चहा केला, पैसे घेतले, मोजले, आणि वांगी आणायला रिक्षाचे किती झाले ते सांगून तेही मागितले. मी दिले. माफी मागायचे शब्द वाटेत जुळवले होते, ते तसेच परत आणले.

माझी बाजूही सांगते. त्या कार्यक्रमानंतरच आमच्या गटातल्या दोन मुली व्यासपीठावरून लेवा बोलीत कविता म्हणू लागल्या आणि आता त्यांना कोणी शुद्ध बोलायला सांगत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला सत्त्याण्णवावे साहित्य संमेलन होते आणि त्याच वेळी विद्रोही संमेलनही. सकाळच्या गाडीने जाऊन मी एकाच दिवशी दोन्ही मांडवांत हिंडले, आणि दोन्हीकडे भाषणांपेक्षा जेवणाच्या बाजूलाच जास्त वेळ थांबले. चुलीपाशी कोण आहे, कोणत्या बोलीत बोलते आहे, हे पाहण्याची खोड मला तेव्हापासून लागली आहे. ती खोड म्हणजे सुधारणा, असा माझा दावा नाही. गोदामातला कार्यक्रम आम्ही पुढच्या वर्षीही केला, दुसऱ्या बाई आल्या, त्यांना ठरवून पैसे दिले, मिरच्या पूर्ण घातल्या, आणि मी पोटभर जेवले.

तेव्हा करमते का? पुण्यात माझ्याकडून असा अपराध घडणे शक्य नव्हते, कारण तिथे माझ्या बोलीत बोलणारे कोणी माझ्यासमोर उभेच राहत नसे. हे न करमण्याचे कारण आहे की करमण्याचे, ते मला सांगता येत नाही, आणि कोणी सांगू लागले तर राग येतो.

यंदाच्या कार्यक्रमाची बैठक परवा झाली. मावशींना पुन्हा बोलवावे, असे मी सुचवले. तिघांनी होकार दिला; दोघे म्हणाले की त्या हिशेबाला फार कडक आहेत; आणि एकीने विचारले की त्या येतील असे तुला का वाटते? तारीख ठरली नाही. भरिताची चांगली वांगी फेब्रुवारीअखेरपर्यंतच मिळतात.