सौ. मॅक्लाऊड, कु. मॅक्लाऊड

आयर्लंडमधल्या लिमरिक शहरातल्या एका पबात दर गुरुवारी संध्याकाळी वाजवणारी मंडळी जमतात. फिडल म्हणजे व्हायोलिन, फ्लूट, कॉन्सर्टिना म्हणजे हातात धरायची भात्याची छोटी पेटी, आणि दाराजवळच्या खुर्चीत टिन व्हिसल, म्हणजे पत्र्याची छोटी बासरी, घेतलेला मी. लहानपणी बासरी वाजवल्यामुळे सहा भोकांची बोटांना सवय आहे, दम मात्र पुरत नाही. रील ही नाचाची वेगवान चाल: एका बारमध्ये, म्हणजे तालाच्या एका आवर्तनात, आठ स्वर, असे आठ बार, ते दोनदा. मग दुसरा भाग, तोही दोनदा. की लगेच पुन्हा पहिल्यापासून. मध्ये श्वास कुठे घ्यायचा, हे कुणी सांगत नाही.

एक चाल डोक्यातून जाईना. घरी येऊन वहीत लिहिली: सा – ग सा प सा ग सा, ग – ग रे ग म ग रे. सगळे शुद्ध स्वर, म्हणजे सरळ बिलावल. पुढच्या गुरुवारी फिडलवाल्या आजोबांना नाव विचारलं. त्यांनी खांदे उडवले. "वडील वाजवायचे."

नावांच्या बाबतीत माझा आधीच एकदा पोपट झाला होता. इथल्या सीडींवर जागोजागी 'गान अनिम' लिहिलेलं असतं. मला वाटलं, केवढा हा रचनाकार, किती चाली बांधल्या बिचाऱ्याने! आयरिशमध्ये त्याचा अर्थ 'बिननावाची'.

या चालीला मात्र नाव होतं. फ्रान्सिस ओनीलच्या जाड संग्रहात ती सापडली: 'मिस मॅक्लाऊड्स रील'. ओनील कॉर्क परगण्यातला, पुढे शिकागोचा पोलीस प्रमुख. त्याला नोटेशन लिहिता येत नसे. तो चाल वाजवून किंवा गुणगुणून दाखवायचा आणि जेम्स ओनील नावाचा त्याचा सहकारी कागदावर उतरवायचा. १९०३ च्या त्या पुस्तकात अशा १८५० चाली आहेत. आमच्याकडे पोलिसांत जबाब लिहून घेतात, तिथे रील लिहून घेतल्या.

आडनाव काही आयरिश वाटेना. मागे जात राहिलो तर गाडी थेट स्कॉटलंडला पोचली. एडिंबरोच्या गो या फिडलवादक घराण्याने १८०९ मध्ये छापलेल्या पाचव्या संग्रहात हीच चाल 'मिसेस मॅक्लाऊड ऑफ रासे' म्हणून आहे. स्काय बेटावरची अस्सल रील, मिस्टर मॅक्लाऊड यांच्याकडून मिळाली, अशी टीपही जोडलेली. म्हणजे स्कॉटलंडात सौ. असलेली बाई समुद्र ओलांडून आयर्लंडला आली आणि कु. झाली! प्रवासात एवढा फायदा झालेला मी तरी दुसरीकडे पाहिला नाही. रासे हे स्कायच्या कुशीतलं चिमुकलं बेट. १७७३ मध्ये इंग्रजी कोशकार डॉ. जॉन्सन आणि त्यांचा चरित्रकार बॉझवेल तिथल्या मॅक्लाऊडांकडे पाहुणे होते, तेव्हा घरात दहा मुली होत्या आणि रात्री नाच चालायचा. एवढ्या कुमारिका म्हटल्यावर आयरिश वाजवणाऱ्यांचा गोंधळ झाला असेल तर दोष कुणाला द्यावा?

स्कॉटलंडात ही चाल बहुधा ए पट्टीत वाजते, आयर्लंडात जी पट्टीत. अमेरिकेत तर नावच पार बदललं. बॅंजोवादक अंकल डेव्ह मेकनच्या १९२७ च्या रेकॉर्डवर बॅंजो झणझणतो आणि ती 'हॉप हाय लेडीज' होते. पहिल्यांदा ऐकताना मला ओळखूच आली नाही. मग वहीतली सरगम समोर ठेवून बोट फिरवत गेलो, आणि तोच सा-ग-सा-प. गावाकडची मैत्रीण मुंबईत वेगळ्या पोशाखात भेटावी तसं झालं.

जुन्या रेकॉर्डींची एक गंमत आहे. ७८ च्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. म्हणून दोन-तीन रील सलग वाजवून टाकायच्या. आयर्लंडमधल्या स्लायगोच्या मायकल कोलमन या फिडलवादकाने न्यूयॉर्कमध्ये १९३४ साली 'टार्बोल्टन'च्या मागे 'लाँगफर्ड कलेक्टर' आणि 'सेलर्स बॉनेट' लावल्या. त्या तिघी आजही त्याच क्रमाने वाजतात. पहिली संपत आली की टेबलाभोवतीच्या सगळ्यांची बोटं दुसरीसाठी तयार, कुणी कुणाकडे बघतही नाही. आणि टार्बोल्टन हेही स्कॉटलंडातलंच गाव बरं का.

मागच्या गुरुवारी मी आजोबांना हे सगळं सांगितलं: गो, १८०९, सौ. आणि कु. त्यांनी ग्लास खाली ठेवला, फिडल उचललं आणि मॅक्लाऊडबाई सुरू केली. मी वही उघडून दुसऱ्या भागातला तिसरा बार टिपून घेतला, कारण तो दोन्ही पुस्तकांपेक्षा वेगळा होता. दुसऱ्या फेरीत तो बार त्यांनी निराळा वाजवला. मी खोडून पुन्हा लिहिला. तिसऱ्या फेरीत आणखी निराळा. चौथ्या फेरीला मी पेन ठेवलं आणि व्हिसल उचलली.