चौदा वर्षांच्या लॅपटॉपची शस्त्रक्रिया

आज म्हापशात सकाळपासून धो धो पाऊस. सुट्टी होती, म्हणून जुना थिंकपॅड टी४२० उघडला. त्यातला आय५-२५२०एम प्रोसेसर (लॅपटॉपचा मेंदू) काढून सेकंडहँड, जरा वेगवान आय७-२६४०एम बसवायचा होता. चार कोअरवाल्या, म्हणजे चार गाभ्यांच्या प्रोसेसरचा मोह टाळला. तो ४५ वॅटचा, माझा पंखा ३५ वॅटलाच धापा टाकतो.

कीबोर्ड काढला, पंखा उचलला, तर आत धुळीची अख्खी गोधडी! प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला लावतात ती जुनी थर्मल पेस्ट पानाच्या डब्यातल्या वाळलेल्या चुन्यासारखी. सॉकेटचा, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेचा, स्क्रू अर्धा फिरवला की प्रोसेसर अलगद सुटतो. नवा ठेवताना मात्र श्वास रोखला. खाली ९८८ पिना, एक वाकली की संपलं. कोपऱ्यातला खुणेचा त्रिकोण जुळवला, पेस्टचा थेंब टाकला, आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. बाकीचे स्क्रू मोबाईलच्या उजेडात. आई म्हणाली, "नवो घे रे एकदाचो!" पण हल्लीच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बोर्डालाच डकवलेला, बदलणार काय?

वीज आली, पहिल्या फटक्यात चालू झाला. वेग? खरं सांगायचं तर उन्नीस-बीस. पंखा मात्र गप्प आहे. आणि एक स्क्रू उरलाय, तो कुठला ते उद्या बघू.